निर्बंध आणि निषेध : ‘निरोष्ठ रामायण’ ते ‘झानॅक’

१

मराठी समीक्षेत ‘कृत्रिम’ हे विशेषण बहुधा वर्णन म्हणून येत नाही, निर्णय म्हणून येते. एखादी रचना कृत्रिम आहे असे एकदा म्हटले की तिच्याविषयी आणखी काही बोलण्याची आवश्यकता उरत नाही, असे आपण गृहीत धरतो. या गृहीताची सर्वाधिक झळ ज्याला पोचली तो कवी म्हणजे मोरोपंत (१७२९–१७९४). पन्हाळ्यास जन्मलेले, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस स्थिरावलेले आणि कऱ्हेच्या काठीच देह ठेवणारे पंत विद्वान होते, याविषयी कोणाचे दुमत नाही. ते कवी होते काय, हा प्रश्न मात्र पुनःपुन्हा विचारला गेला. ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांची बाजू घेतली, १९०८ मध्ये ल. रा. पांगारकरांनी त्यांचे चरित्र व काव्यविवेचन सिद्ध केले. तरीही भावकवितेच्या उदयानंतर आपली अभिरुची ज्या दिशेने घडत गेली तिच्यात पंतांच्या अष्टोत्तरशत रामायणांना कौतुकाचा किंवा थट्टेचा विषय यापलीकडे स्थान मिळाले नाही.

या जुन्या वादाकडे प्रस्तुत लेखात एका अनपेक्षित बाजूने पाहावयाचे आहे. घरगुती संगणकांच्या काळात, म्हणजे स्थूलमानाने १९८० ते १९९० या दशकात, उभ्या सरकत्या पडद्यावरचा अवकाशयुद्धाचा खेळ हा एक स्वतंत्र रचनाप्रकार म्हणून स्थिर झाला. त्यातील ‘झानॅक’ हा खेळ जपानमधील ‘कंपाइल’ या संस्थेने एमएसएक्स संगणकासाठी तयार केला व तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोरोपंतांचे ‘निरोष्ठ रामायण’ आणि ‘झानॅक’ यांच्यात प्रभावाचा वा संपर्काचा प्रश्न अर्थातच उद्भवत नाही. हा तौलनिक अभ्यास संहितांचा नाही, तत्त्वाचा आहे. कठोर निर्बंधाखाली घडलेल्या रचनेचा अर्थ कोठे शोधावा, हा येथील प्रश्न आहे. अशा रचनेचा अर्थ ती जे सांगते त्यात जितका असतो त्याहून अधिक तिने जे निषिद्ध केले आहे त्यात असतो, असे माझे प्रतिपादन आहे. हे मान्य झाले तर ‘कृत्रिम’ हा शब्द चर्चा संपवणारा न राहता चर्चेचा आरंभ होऊ शकेल.

२

‘निरोष्ठ रामायणा’चा निर्बंध सर्वांना ठाऊक आहे : ओष्ठ्य वर्ण वापरावयाचा नाही. प, फ, ब, भ, म हा वर्गच वर्ज्य. या निर्बंधाचा उल्लेख पंतांच्या शब्दप्रभुत्वाचा दाखला म्हणून नेहमी केला जातो आणि तेथेच विवेचन थांबते. परंतु हा वर्ग वर्ज्य झाला की काय घडते याचा विचार करावा. लक्ष्मण गेला, भरत गेला, मारुती गेला, बिभीषण आणि कुंभकर्ण गेले. आणि ज्याच्यासाठी ही कथा आहे त्याचे नावही गेले. ‘राम’ हा शब्द ज्यात उच्चारता येत नाही असे हे रामायण आहे.

ज्या भक्तिपरंपरेत नाम हे रूपापेक्षाही श्रेष्ठ मानले गेले, तिच्यातील एका कवीने नामाविना रामकथा सांगावी यात केवळ चातुर्य पाहणे हे वाचनातील आळसाचे लक्षण होय. ‘मंत्ररामायणा’त हेच पंत त्रयोदशाक्षरी राममंत्राची अक्षरे रचनेत गुंफतात. एका रचनेत नाम प्रत्येक ठिकाणी पेरलेले आहे, दुसरीत ते कोठेही येऊ शकत नाही. आणि या दोन रचना एकाच अष्टोत्तरशताचे घटक आहेत. ‘निरोष्ठा’त कवीला नायकाकडे नात्याने, गुणाने, कृतीने निर्देश करावा लागतो, ‘दाशरथी’सारखे पर्यायच या चौकटीत बसू शकतात. संपूर्ण संहिता एका अनुच्चारित शब्दाभोवती प्रदक्षिणा घालीत राहते. शिवाय हा निर्बंध केवळ कागदावर राहत नाही. ही रचना मोठ्याने वाचणाऱ्याचे ओठ एकमेकांना स्पर्श करीत नाहीत. ‘राम’ म्हणताना ते मिटावे लागतात. वाचकाच्या मुखालाच येथे एक न्यून जाणवते. अर्थ त्या न्यूनातून निष्पन्न होतो.

निर्बंधाला अर्थ असतो, ही जाणीव संस्कृत परंपरेत पूर्वीपासून आहे. ध्वनिसिद्धान्ताने चित्रकाव्याला सर्वांत खालची पायरी दिली हे खरे. पण दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील मंत्रगुप्त आपली कथा ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो, कारण प्रियेच्या दंतक्षतामुळे त्याचे ओठ दुखावलेले आहेत. येथे निर्बंध हा कथेच्या बाहेरचा खेळ नाही. शरीरावरच्या खुणेचा तो भाषेतील ठसा आहे. विसाव्या शतकात फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक याने १९६९ मध्ये ‘ई’ हे अक्षर वर्ज्य करून एक पूर्ण कादंबरी लिहिली. महायुद्धात आईवडील गमावलेल्या या लेखकाच्या बाबतीत त्या अक्षराची अनुपस्थिती म्हणजे माणसांची अनुपस्थिती, असे वाचन आता रूढ झाले आहे. पेरेकला आपण जे देऊ करतो ते पंतांना नाकारण्याचे कारण वाङ्मयीन नसून सवयीचे आहे.

निर्बंध आणि रूप यांचे नाते समजून घेण्यासाठी एक कथा येथे उपयोगी पडते. कऱ्हा बारामती तालुक्यात नीरेला मिळते, आणि नीरा पुढे इंदापूर तालुक्यात नरसिंगपूर येथे भीमेला मिळते. त्या संगमावरचे दैवत नृसिंह आहे. आणि पंतांचे ‘प्रल्हादविजय’ही त्याच आख्यानावर आहे. हिरण्यकशिपूचा वर म्हणजे निषेधांची एक यादीच होती : दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही, शस्त्राने नाही. नृसिंह ही या सर्व अटी पाळून अटींच्या पलीकडे पोचणारी रचना आहे. त्याचे ते विलक्षण रूप, ती संध्याकाळ, तो उंबरठा, ती नखे, यांतील एकही तपशील अलंकरणासाठी आलेला नाही. प्रत्येक तपशील एकेका निषेधाचे उत्तर आहे. निर्बंधाधीन रूपाचे याहून नेमके प्रतिमान मला ठाऊक नाही. अशा रूपाकडे पाहताना ‘हे असे का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘काय वर्ज्य होते?’ या प्रश्नातून मिळते.

३

हाच प्रश्न आता ‘झानॅक’ला विचारू. १९८३ मध्ये जाहीर झालेल्या एमएसएक्स प्रमाणाचे संगणक झेड-८० प्रक्रियकावर चालत, आणि त्यांच्या पहिल्या पिढीतील चित्रण टीएमएस ९९१८ या घराण्यातील चिपकडे असे. पडदा २५६ गुणिले १९२ बिंदूंचा. त्यावर स्वतंत्रपणे हलणाऱ्या आकृती, ज्यांना या व्यवसायात ‘स्प्राइट’ म्हणतात, एका वेळी बत्तीसच. प्रत्येक आकृती एकाच रंगाची. आणि एका आडव्या रांगेत चारच. पाचवी आली तर ती त्या रांगेपुरती दिसेनाशी होते. पडदा सरकवण्याची सोय या चिपमध्ये नव्हती. चौकटीत बसवलेल्या ठोकळ्यांची मांडणी पुनःपुन्हा बदलून सरकण्याचा आभास निर्माण करावा लागे.

‘एका रांगेत चार’ हा नियम ‘ओष्ठ्य वर्ण नको’ या नियमाच्या जातीचा आहे. अशा यंत्रासाठी रचना करणाऱ्याला शत्रूंची आडवी फळी सहजासहजी उभी करता येत नाही. एक तर त्याने त्यांना तिरपे, वळसे घेत, एकामागून एक उतरवावे, किंवा आळीपाळीने दाखवून लुकलुकते ठेवावे. या प्रकारच्या खेळांत शत्रूच्या हालचालीला जी नृत्यासारखी वळणे दिसतात त्यांचा उगम काही अंशी या वर्ज्यात आहे. आर्या-गीतीच्या मात्रा मोजणाऱ्या कवीला जसे शब्दाचे वजन प्रथम जाणवते आणि मग अर्थ, तसे या रचनाकाराला आकृतीची किंमत प्रथम जाणवते आणि मग तिचे रूप.

परंतु हे सर्व निर्बंध रचनाकारावरचे आहेत. खेळाडूवरचा निर्बंध वेगळा आहे, आणि या रूपबंधाचा गाभा तोच आहे. भूमी वरून खाली सतत सरकत असते. यान पडद्याच्या मर्यादेत डावीउजवीकडे, पुढेमागे हलू शकते. पण भूमीचे सरकणे थांबवता येत नाही आणि उलटवता येत नाही. हा या खेळातील ‘म’ आहे. थांबणे, माघारी वळणे, उतरणे, शत्रूशी बोलणे, शरण येणे किंवा शरण आलेल्यास स्वीकारणे, ही क्रियापदे खेळाच्या भाषेतच नाहीत. जे नष्ट केले त्याचा अवशेष खालच्या कडेने निघून जातो, आणि खालच्या कडेपलीकडे काही नाही. उजनीच्या जलाशयात बुडालेले पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की पुन्हा उघडे पडते; इंदापूर तालुक्यातील त्या काठावर राहणाऱ्याला बुडाले म्हणजे संपले असे म्हणता येत नाही. उभ्या सरकत्या पडद्यावर मात्र गेले ते गेले. युद्धाचे परिणाम दाखवू न शकणारा हा युद्धप्रकार आहे. आणि ते न दाखवणे हा कथानकाचा दोष नसून रूपबंधाचा नियम आहे.

४

आपल्या प्रचलित समीक्षापद्धती या ठिकाणी कोठवर नेतात? पहिली वाट आशयाची. मराठीत अवकाशाची चर्चा मुख्यतः विज्ञानकथेच्या निमित्ताने झाली. जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ (१९७९) या संग्रहापासून ही कथा प्रतिष्ठित झाली, आणि तिच्या समीक्षेत कल्पनेची वैज्ञानिक शक्यता व मानवी आशय हे दोन निकष रूढ झाले. या निकषांनी ‘झानॅक’ मोजला तर हाती फार थोडे लागते. प्राचीन काळी कोणी निर्माण केलेली एक वस्तू, ‘आयकॉन’, मानवाच्या हाती येते. ती योग्य रीतीने उघडली तर ज्ञान मिळावयाचे; चुकीच्या रीतीने उघडल्यामुळे ‘सिस्टिम’ नामक संहारक यंत्रणा जागी होते, आणि ती रोखण्यासाठी एकच यान पाठवले जाते. ही कथा खेळ सुरू झाल्यावर कोणी आठवीत नाही.

दुसरी वाट रूपाची. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली. शत्रूच्या लाटा, त्यांतील विराम, पुनरावृत्ती आणि भेद यांचे वर्णन या तत्त्वांनी चांगले होऊ शकते. किंबहुना शब्दार्थाचे ओझे नसलेल्या अशा लयीच्या संघटनेला मर्ढेकरांची परिभाषा अनेक कवितांपेक्षा अधिक सहजपणे लागू पडते. पण लयतत्त्वे उपस्थित घटकांमधील संबंध सांगतात; अनुपस्थिताविषयी त्यांना काही म्हणावयाचे नसते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी या दोन ध्रुवांमध्ये सौंदर्यविचाराची मांडणी केली. आपली अडचण या दोन ध्रुवांच्या भाषेत नेमकी सांगता येते. लौकिकतावादी वाचन खेळाचा पडदा बाजूला सारून त्यामागचे युद्ध शोधते, अलौकिकतावादी वाचन युद्ध बाजूला सारून पडद्यावरची लय शोधते. वर्ज्य या दोहोंच्या मधे पडते. कारण वर्ज्य हे रूपाचे अंग आहे आणि तरीही ते जगाविषयी काही बोलते.

तिसरी वाट अलीकडची. जपानमध्ये शिनइची नाकाझावा या धर्म व मानवशास्त्राच्या अभ्यासकाने १९८४ मध्येच ‘झेवियस’ या उभ्या सरकत्या पडद्याच्या खेळावर गंभीर लेख लिहिला, आणि खेळाडू यंत्रातील चुकांशी कसा खेळतो याकडे लक्ष वेधले. नॉर्वेजियन अभ्यासक एस्पेन आर्सेथ याने १९९७ मध्ये ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात, ज्या संहितेतून मार्ग काढण्यासाठी वाचकाला लक्षणीय श्रम करावे लागतात तिच्यासाठी ‘अर्गोडिक’ ही संज्ञा वापरली. त्याने या वर्गात प्राचीन संहितांनाही स्थान दिले हे महत्त्वाचे आहे. तथापि वाचकाचा श्रम हे वर्गीकरणाचे लक्षण आहे, अर्थाचे नव्हे. तो श्रम कोणत्या दिशांना मनाई असल्यामुळे करावा लागतो, हे पाहिल्याशिवाय अर्थाचा प्रश्न सुटत नाही.

५

‘झानॅक’चे वैशिष्ट्य याच मुद्द्यावर आहे. या रूपबंधातील बहुतेक समकालीन खेळांत शत्रूंचा क्रम आधीच ठरलेला असे. खेळाडू तो पाठ करी. ‘झानॅक’मध्ये हल्ल्याची तीव्रता खेळाडूच्या वर्तनावरून ठरते. तो किती वेगाने गोळ्या झाडतो, त्याचे कौशल्य किती, त्याच्या यानाची शस्त्रे व संरक्षण कोणत्या अवस्थेत आहेत, हे खेळ टिपीत असतो आणि त्यानुसार शत्रू पाठवतो. शून्य ते सात अशा आकड्यांनी ओळखली जाणारी आठ प्रकारची विशेष शस्त्रे उपलब्ध आहेत. पण सामर्थ्य वाढले की प्रतिकारही वाढतो.

याचा परिणाम असा की बोट बटणावरून न उचलता गोळीबार करीत राहणे, जी या प्रकारच्या खेळातील सर्वसामान्य सवय आहे, ती येथे निरपेक्ष राहत नाही. मुरलेला खेळाडू हात राखून खेळतो. ज्या भाषेत शांतता, माघार आणि शरणागती ही क्रियापदेच नाहीत, तिच्यात संयम एवढे एकच क्रियापद शिल्लक आहे, आणि तेवढे मात्र खेळाला वाचता येते. नृसिंहाच्या कथेतील उंबरठ्यासारखी ही जागा आहे : आतही नव्हे, बाहेरही नव्हे. युद्ध थांबवता येत नाही, पण युद्धाला किती अन्न पुरवावयाचे हे काही अंशी खेळाडूच्या हाती राहते. आयकॉनची कथा चुकीच्या रीतीने उघडण्याविषयी आहे आणि खेळ अतिरेकी आघाताच्या परिणामाविषयी आहे. हे दोन धागे एकमेकांशी जुळतात; पण ते जुळतात हे कथासारांशावरून कळत नाही, नियमावरून कळते.

मोरोपंतांपासूनचा मूलगामी भेदही येथेच आहे, आणि तो झाकणे योग्य होणार नाही. ‘निरोष्ठा’त निर्बंध कवीने स्वतःवर घातला आहे. वाचकाच्या ओठांना तो जाणवतो, पण वाचकाचे वर्तन ती संहिता मोजीत नाही. वाचक अडखळला म्हणून आर्या अधिक कठीण होत नाही. ‘झानॅक’ वाचकाला वाचतो. वाचकाची नोंद घेऊन त्याच्यापुढे त्याच्यासाठीच वेगळी संहिता ठेवण्याची कल्पना १९८६ मध्ये एका खेळाच्या काठिण्यापुरती होती. आज आपल्यापुढे येणारा बराचसा मजकूर आपल्या बोटांच्या हालचालींवरून निवडला जातो, आणि योगायोग असा की तोही उभ्या सरकत्या पडद्यावरच येतो. त्या पडद्यावर काय दिसते याची चर्चा भरपूर होते. त्याच्या नियमांनी काय वर्ज्य केले आहे याची चर्चा करण्यासाठी लागणारी परिभाषा आपल्या समीक्षेकडे असावयास हवी. ती नाही, ही उणीव केवळ एका जुन्या खेळापुरती मर्यादित नाही.

६

दोन आक्षेपांचा विचार आवश्यक आहे. पहिला असा की यंत्राची मर्यादा रचनाकाराने निवडलेली नसते, ती त्याच्यावर लादली जाते; तेव्हा स्वेच्छेने स्वीकारलेल्या काव्यनिर्बंधाशी तिची तुलना कशी होईल? हा भेद वाटतो तितका स्वच्छ नाही. मात्रावृत्ताचे नियमही पंतांनी निर्माण केलेले नव्हते; ते परंपरेने हाती आलेले होते. निर्बंधाचा उगम आणि निर्बंधाचा अर्थ या भिन्न गोष्टी आहेत. चार आकृतींची मर्यादा चिपच्या घडणीतून येते. परंतु त्या मर्यादेत शत्रूला तिरपे उतरवावे की लुकलुकते ठेवावे, ही निवड रचनाकाराची. मागे न वळण्याचा नियम तर चिपने लादलेलाच नाही. तो रूपबंधाने निवडला आहे, आणि म्हणून त्याची जबाबदारीही रूपबंधाची आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भक्तीने लिहिलेल्या रामायणाला करमणुकीच्या खेळाशेजारी बसवणे हा मूल्यांचा गोंधळ नव्हे काय? माझे म्हणणे दोहोंचे मूल्य समान आहे असे नाही. ‘निरोष्ठा’तील अनुपस्थितीला एक नाव आहे, ते वाचकाला ठाऊक आहे, आणि संहिता संपल्यावर ओठ मिटून ते उच्चारण्याची त्याला मुभा आहे. ‘झानॅक’मधील अनुपस्थितीला नाव नाही. जे खाली सरकून गेले ते काय होते, हे विचारण्याची मुभा खेळ संपल्यावरही मिळत नाही. पडद्यावर गुणसंख्या उरते. पंतांचा निषेध स्मरण जागे ठेवतो, या रूपबंधाचा निषेध विस्मरण सुकर करतो. हा मूल्यभेदच आहे, आणि तो आशयाच्या तुलनेने हाती लागला नाही. वर्ज्याच्या तुलनेने लागला.

यावरून एक अभ्यासविषय सुचतो, आणि तो पदव्युत्तर अभ्यासकांनी हाती घ्यावा. मोरोपंतांच्या अष्टोत्तरशत रामायणांची वर्गवारी आजवर वृत्त, यमक आणि कथाविस्तार यांच्या आधारे करण्यात आली आहे. ती निर्बंधांच्या आधारे नव्याने करावी : प्रत्येक रचनेत काय वर्ज्य आहे, त्या वर्ज्यामुळे रामकथेतील कोणती व्यक्ती, कोणती क्रिया, कोणता भाव दुर्घट होतो, आणि कवी त्याचे कोणते उत्तर शोधतो. कथा तीच असल्यामुळे फरक नियमाचाच उरतो. एकच कथा एकशे आठ नियमव्यवस्थांतून चालवून पाहण्याचा असा पद्धतशीर उपक्रम अन्यत्र सहसा आढळणार नाही. त्याला कृत्रिम म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. मात्र त्यापुढे ‘म्हणून’ हा शब्द लिहिण्यापूर्वी त्या कृत्रिमतेने काय घडवले आणि काय घडू दिले नाही, हे नोंदवण्याचे दायित्व समीक्षकावर येते.